शारजाहात ठोकलेली टीडा अन् हातात फक्त ३,००० दिरम

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू घाटंजीकडचा, राहतो अजमानला, काम जेबेल अलीला. २०११ ची सिल्व्हर निसान टीडा, रात्रीच्या ड्युटीवरून येताना समोरच्या उजव्या कोपऱ्यानं सिमेंटच्या बॅरिअरला लागली. बंपर लोंबकळला, उजवा हेडलाइट फुटला, बॉनेट दुमडलं, खाली हिरवं पाणी सांडलं, एअरबॅग उघडल्या नाहीत, अन् रिकव्हरीच्या (ठोकलेली गाडी उचलून नेणाऱ्या) ट्रकवरून उतरवताना स्टिअरिंग उजवीकडे ओढून राहिलं होतं. इन्शुरन्स थर्ड पार्टी. एक गॅरेजवाला ६,५०० सांगतो, दुसरा २,२०० मध्ये नवीसारखी करून देतो म्हणतो, रूम पार्टनर म्हणतो ४,००० ला भंगारात देऊन टाक. अशीच चालू गाडी ९-१० हजाराला मिळते. गाडीला घालायला तुझ्याजवळ ३,००० च आहेत, काहून की घरी पेरणीला पैसे पाठवायचे आहेत. अन् तुझं विचारणं एवढंच की २,२०० वाल्याला देऊ का.

वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग नको मानू. मी ११ वर्षं शारजाहच्या इंडस्ट्रियल एरियात डेंटर होतो, म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणारा, टीडा अन् सनी किती खोलल्या त्याची मोजदाद नाही. आता पांढरकवड्याच्या अलीकडे नागपूर-हैदराबाद हायवेवर माझं स्वतःचं गॅरेज आहे. टिपेश्वरचं जंगल जवळ असल्यानं रोही (नीलगाय) नाही तर रानडुक्कर समोर येऊन ठोकलेली गाडी माझ्याकडे येतच राहते, म्हणजे समोरून लागलेल्या गाडीचंच काम मी दोन्ही मुलखांत केलं आहे.

आधी एक सांगतो, पेरणीचे पैसे आधी पाठव. गाडी एक महिना उभी राहू शकते, मृग थांबत नाही. तोवर बसनं जा, कंपनीची गाडी असेल तर तिच्यात जा, त्रास होईल पण घाईत गाडी कोणाच्या हातात देऊन टाकण्यापेक्षा ते बरं. घाईतला माणूस गॅरेजवाल्याला लांबूनच ओळखू येते अन् मंग रेट त्याच्या मनाचा असते.

आता मुद्द्याचं. तू २,२०० की ६,५०० असा हिशोब लावून राहिला आहेस, पण खरा प्रश्न तो नाही. खरा प्रश्न असा की धक्का नटबोल्टच्या सामानावर थांबला की वेल्डिंगच्या सांगाड्यापर्यंत गेला. बंपर, बंपरच्या आतली लोखंडी पट्टी, हेडलाइट, फेंडर, बॉनेट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर हे सगळं नटबोल्टवर आहे, कितीही फुटलं तरी पान्यानं काढून दुसरं बसवता येते, गरिबाला परवडेल असं जुनं सामानही मिळते. पण त्याच्या मागं गाडीचे दोन पाय असतात, आम्ही लेग म्हणतो, इंजिनच्या दोन्ही बाजूनं समोरून मागं जाणारी चौकोनी पोकळ बीम, अन् तिच्यावर अ‍ॅप्रनचा पत्रा ज्यात शॉकअपचं वरचं टोक बसते तो टॉवर आहे. हे वेल्ड केलेलं असते. हे वाकलं की बंडीचा आख वाकल्यासारखं आहे, वरून कितीही तेलपाणी करा, चाक सरळ चालत नाही. तुझी गाडी यातल्या कोणत्या बाजूला आहे हे बंपर काढल्याशिवाय ना मला सांगता येते, ना त्या ६,५०० वाल्याला, ना २,२०० वाल्याला. दोघांनीही अंदाज सांगितला आहे. फरक एवढाच की एकानं भीती धरून सांगितला अन् दुसऱ्यानं गिऱ्हाईक धरायला.

कागदाचं तू काहीच लिहिलं नाहीस म्हणून विचारतो, पोलीस रिपोर्ट घेतला का? तिकडे रिपोर्टशिवाय ठोकलेल्या गाडीला गॅरेजनं हात लावायचा नाही असा नियम आहे. कोणी म्हणत असेल की रिपोर्ट नको, मी करून देतो, तर तिथून निघून ये, जो नियम मोडून काम घेतो तो उद्या काम बिघडलं तर तुला कोणता कागद देणार आहे? चूक तुझी धरली जाईल, लाल कागद मिळेल, मिळू दे. अन् एक गोष्ट लोकांच्या ध्यानात राहत नाही, थर्ड पार्टी इन्शुरन्स तुझ्या गाडीला एक दिरम देणार नाही हे खरं, पण बॅरिअर हे दुसऱ्याचं नुकसान आहे. त्याची भरपाई मागितली गेली तर ती इन्शुरन्सची गोष्ट आहे, तुझ्या खिशाची नाही, पण त्यासाठी रिपोर्ट हातात पाहिजे.

दुसरं, गाडी चालू करून पाहू नको. फक्त गॅरेजपर्यंतच तर न्यायची आहे, दहा मिनिटांचं काम आहे, असं वाटते. माझ्याकडे शारजाहात एक केरळचा मुलगा आला होता, रेडिएटर फुटलेला असताना अजमानवरून चालवत आला. म्हणे मी काट्यावर नजर ठेवून होतो, काटा वर गेलाच नाही. अरे काटा कसा जाईल, टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडलेला असते, पाणीच निघून गेलं की तो कोरड्या हवेत काय मोजणार. इंजिनचं वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ते वाकलं, गॅस्केट गेलं, अन् ज्या गाडीचं समोरचं काम दोन दिवसांत होणार होतं तिचं इंजिन उतरवावं लागलं. तो मुलगा दुकानाच्या पायरीवर बसून रडला, मला अजून आठवते. रिकव्हरीचे पैसे जास्त वाटतात, पण इंजिनापुढे ते काहीच नाहीत. अन् तुझी गाडी ऑटोमॅटिक असेल तर अजून एक, बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचं तेल रेडिएटरच्या टाकीतूनच फिरून थंड होते. रेडिएटर आतून फुटला तर पाणी गिअरबॉक्समध्ये जाऊ शकते. गिअरची डिपस्टिक काढून पाहजो, तेल लाल अन् स्वच्छ पाहिजे. दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी विकायचा विचार तिथंच सुरू कर.

मंग पहिलं काम काय, तर खोलणं. गॅरेजवाल्याला सरळ सांग, भाऊ मला आज रेट नको, बंपर, हेडलाइट अन् बॉनेट उतरव, खोलायचे पैसे वेगळे देतो, काम तुझ्याकडे दिलं तर ते पैसे त्यातून वजा कर. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. तू स्वतः तिथं उभा राहा, प्रत्येक गोष्ट उतरली की मोबाईलमध्ये फोटो काढ.

उघडल्यावर उजव्या लेगचं टोक पाहजो, जिथं बंपरची पट्टी बोल्टनं लागते तिथं. फक्त टोकाला, चार बोटाच्या आत दुमडलं असेल तर घाबरू नको, ती जागा दुमडण्यासाठीच बनवलेली असते, धक्का तिनं खायचा अन् मागं जाऊ द्यायचा नाही. मंग हात लावून मागं मागं जा. पत्र्याला सुरकुती आहे का, जोडावरचा सीलर तडकला का, रंगाचे पापुद्रे निघाले का, दोन पत्र्यांमधले टाके ओढल्यासारखे दिसतात का. डाव्या बाजूचा लेग तुझ्यासमोरच आहे, तो शाबूत आहे, त्याच्याशी ताडून पाहत जा. डोळ्याला जे कळत नाही ते बोटाला कळते, मी अजूनही डोळे मिटून हात फिरवतो.

नंतर कर्ण मोज. आपल्याकडे घराची आखणी करताना मिस्त्री काय करतो, कोपऱ्याला कोपरा तिरपी दोरी लावतो, दोन्ही दोऱ्या सारख्या आल्या तरच चौकोन गुण्यात आहे म्हणतो. गाडीचंही तेच आहे. उजव्या शॉकअप टॉवरच्या एका बोल्टपासून डाव्या लेगच्या टोकावरच्या भोकापर्यंत माप, मंग डाव्या टॉवरपासून उजव्या टोकापर्यंत, दोन्हीकडे बोल्ट अन् भोक तेच धरायचं. २-३ मिलिमीटरचा फरक आला तर चालते, टेप धरण्यात तेवढा होतोच. १० मिलिमीटर अन् वर निघाला तर लेग सरकला आहे. तसंच चाकं सरळ करून पुढच्या चाकाच्या मधोमध ते मागच्या चाकाच्या मधोमध, दोन्ही बाजूनं. उजवीकडचं माप कमी आलं तर चाक मागं ढकललं गेलं आहे. शेवटी पुढचा उजवा दरवाजा हळूच उघडून लाव, दरवाजा खाली बसत असेल, वरच्या कोपऱ्यातली फट डाव्या दरवाजासारखी नसेल, तर धक्का खांबापर्यंत गेला. तसं असेल तर पुढं काहीच मोजू नको, त्या गाडीत पैसा घालू नको.

एक ध्यानात ठेव, तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. उजवा कोपरा म्हणजे तुझ्या शेजारी बसणाऱ्याचा कोपरा. तू लिहिलं आहेस की दोघं जण महिन्याचे पैसे देऊन तुझ्यासोबत येतात. पैसे घेऊन माणसं नेणं परवान्याशिवाय चालत नाही, त्याचा दंड मोठा आहे, पण मी दंडासाठी सांगत नाही. उद्या ३११ च्या हायवेवर वेगात असताना तो कोपरा कमजोर निघाला तर ज्याच्या मायबापाला तू ओळखतही नाहीस असा एखादा पोरगा तिथं बसलेला असेल. म्हणून उजव्या लेगच्या बाबतीत स्वस्त पाहू नको.

आता समज लेग फक्त टोकाला दुमडला आहे, कर्ण बरोबर आहेत. हे झालं तर तुझी गाडी ३,००० च्या आसपास रस्त्यावर येऊ शकते, पण क्रम पाळला तर.

सगळ्यात आधी चाक अन् स्टिअरिंग. गाडी उजवीकडे ओढते याची कारणं पाच-सहा असू शकतात. आधी टायरची हवा अन् रिम पाहजो, रिमची कडा वाकली असेल, स्टेपनी लावून पाहिली की कळते, फुकटचं काम आहे. नंतर टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी सळई), मंग लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात), मंग नकल (ज्यावर चाक बसते ती वस्तू), मंग शॉकअप. डाव्या बाजूचा आर्म समोर आहेच, त्याच्याशी ताडून पाहिलं की वाकलेला लगेच दिसते. वाकलेलं असेल ते बदलायचं. गरम करून सरळ करायचं नाही, कोणी कितीही म्हटलं तरी नाही. माझ्या गॅरेजला इकडे एक गाडी ओढून आणली होती, वडकीच्या पुढं रस्ता सोडून कपाशीच्या वावरात गेलेली, आत नवरा-बायको अन् दोन लेकरं. कोण्या गॅरेजात रोह्याला ठोकल्यावर आर्म गॅसनं लाल करून हातोड्यानं सरळ केला होता, चार महिन्यांनी तो तिथंच मोडला. नांगरलेलं भुसभुशीत वावर होतं म्हणून सगळे वाचले. ते तुटलेलं लोखंड मी अजून ठेवलं आहे, नवीन पोट्टं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतो.

लोअर आर्मला बॉल जॉइंट अन् रबरी बुश असते, म्हणून तो नवीनच घेजो, तैवानचा चांगला मिळाला तरी चालेल. नकल मात्र भरीव ओतीव वस्तू आहे, ती जुन्या गाडीची घेतली तरी हरकत नाही. हे झाल्यावर व्हील अलाइनमेंट, अन् त्याचा छापील कागद माग. त्यात कॅम्बर नावाचा आकडा असते, चाक आत-बाहेर किती कललं आहे तो. टो म्हणजे चाकाची तोंडं आत की बाहेर ते टाय रॉड फिरवून जमवता येते, पण तुझ्या गाडीसारख्या साध्या शॉकअपला कॅम्बर सहसा फिरवून जमत नाही. तो आकडा कागदावर लाल आला म्हणजे काहीतरी अजून वाकलेलं आहे, अन् कारागीर म्हणाला की एवढं चालते, तर नाही चालत.

नंतर पाणी. रेडिएटर जुना घेऊ नको. भंगारातल्या रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या उन्हानं कडक झालेल्या असतात, बसवला की महिनाभरात गळतो. त्याऐवजी कंपनीचा नसला तरी नवीन घे. पंखा अन् त्याची फ्रेम जुनी चालते. कूलंट नवीन भर, नळाचं पाणी नाही. अन् बॉनेटचं लॉक! हे छोटं आहे म्हणून कोणी लक्ष देत नाही. रेडिएटरच्या वरची आडवी पट्टी वाकली असेल तर लॉक एक बोट खाली-वर होते अन् बॉनेट अर्धंच बसते. वेगात बॉनेट उघडून काचेवर येणं काय असते ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. आडवी पट्टी सरळ पाहिजे, लॉक वाकलेलं ठोकून बसवलेलं नको, अन् वरची दुसरी कडी, जी बोटानं सोडावी लागते, ती स्वतः पाच वेळा लावून-सोडून पाहजो.

हेडलाइटचं एक बारीक आहे. शारजाहच्या बाजारात जपानवरून आलेल्या गाड्यांचं कापलेलं सामान फार असते. टीडा जपानातही चालली आहे, त्यामुळं लाइट दिसायला सारखा. पण जपानात आपल्यासारखंच डावीकडून चालतात, तिथल्या डिपरचा उजेड डावीकडे वर चढतो. तुझ्याकडे उजवीकडून चालतात, तो लाइट लावला तर उजेड सरळ समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. दुकानात बॅटरीला जोडून भिंतीवर उजेड पाड, डिपरला उजेडाची रेघ उजवीकडे वर जायला पाहिजे. डावीकडे जात असेल तर फुकट दिला तरी घेऊ नको. अशा बारीक गोष्टीवर पासिंगला गाडी परत येते.

एसीशिवाय चालवून घे म्हणणारे तिकडे नवीन असतात. जूनमध्ये शारजाहात एसीशिवाय गाडी म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत बसणं, त्यात समुद्राची दमट हवा, थकलेल्या माणसाला गुंगी येते. म्हणून एसी चैनीत धरू नको. कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढं असते, म्हणजे तो फुटलाच असेल. तो नवीन घे, अन् त्यासोबत ड्रायर बदल. गॅस निघून पाइप उघडा राहिला की ड्रायरमधला ओल शोषणारा माल ओला होऊन संपतो, मंग नवीन गॅस भरूनही कॉम्प्रेसर खराब होते. गाडी रिकव्हरीवरून उतरल्यापासून उघडी आहे ना, म्हणून गॅरेजवाल्याला आजच सांग, तुटलेल्या पाइपच्या तोंडाला प्लास्टिक बांधून ठेव. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम केला का, म्हणजे पाइपातली हवा ओढून काढली का, ते उभं राहून पाहजो.

एअरबॅग उघडल्या नाहीत हे तुझं नशीब, काहून की उघडल्या असत्या तर मी सरळ विक म्हटलं असतं. तरी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझतो का ते पाहजो. पेटलेलाच राहिला तर समोरचा सेन्सर किंवा वायर गेली असेल, ती दुरुस्त होते. पण दिवा कधी पेटतच नसेल तर कोणीतरी तो बंद करून ठेवला आहे, कदाचित तुझ्या आधीच्या मालकानं. अन् भंगारातली एअरबॅग कोणी स्वस्तात लावून देतो म्हणाला तर नाही म्हण. टाकाटा कंपनीच्या एअरबॅग जगभरात परत मागवल्या गेल्या त्या याचसाठी की त्यांच्यातला दारूगोळा वर्षानुवर्षं उष्ण अन् दमट हवेत राहून बिघडतो, अन् उघडताना लोखंडाचे तुकडे माणसाला लागतात. त्यात निसानच्याही गाड्या होत्या. आखाताची हवा म्हणजे उष्ण अन् दमट दोन्ही, तिथल्या भंगारातली जुनी एअरबॅग म्हणजे काय ते समज.

जुनं सामान आणायला इंडस्ट्रियल एरियात नाही तर शारजाहच्याच सजा भागातल्या यार्डांत जा. एकेक वस्तू मागू नको, नोज कट माग. म्हणजे बॉनेट, दोन्ही लाइट, बंपर, आतली पट्टी, आडवी पट्टी, असं पूर्ण तोंड एकत्र, सुट्या सुट्या घेण्यापेक्षा नेहमी स्वस्त पडते. ज्या गाडीचं तोंड घेतो ती मागून ठोकलेली आहे का ते पाहून घे, समोरून ठोकून सरळ केलेलं तोंड तुझ्या काय कामाचं. सिल्व्हर रंगाचं शोध, एक दिवस जास्त फिरावं लागलं तरी फिर, रंगाचे सगळे पैसे वाचतात. दरवाजाच्या चौकटीवर किंवा इंजिनजवळच्या पट्टीवर रंगाचा कोड असते, तो अन् चेसिस नंबर मोबाईलमध्ये ठेव. अमेरिकेतून आलेल्या गाड्यांचं सामानही तिथं असते, त्यांचा बंपर वेगळा असू शकते, म्हणून जुना तुकडा सोबत ने अन् भोकाला भोक लावून पाहा. बसलं नाही तर परत घेईन हे बिलावर लिहून घे, तोंडी नको.

डेंटरनंच रंगाबद्दल असं म्हणावं हे तुला नवल वाटेल, पण रंग करू नको. निदान आत्ता नको. सिल्व्हर मेटॅलिक हा सगळ्यात अवघड रंग आहे, त्यातले चमकीचे कण फवाऱ्याच्या दाबानं अन् कोनानं वेगळे बसतात, तोच कोड असूनही सकाळी एक दिसतो संध्याकाळी एक. नीट करायचा तर शेजारच्या दरवाजापर्यंत रंग विरवत न्यावा लागतो, त्याचे पैसे लागतात. स्वस्तात केला तर त्या उन्हात थिनर बसायच्या आधी उडून जाते, रंग खडबडीत येते, अन् वर्षात क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) पोपडे. तू फक्त एवढं कर, जिथं पत्रा उघडा पडला तिथं प्रायमर अन् वरून थोडा रंग मारून ठेव, अजमानची खारी हवा उघड्या लोखंडाला आठवडाभरही सोडत नाही. पुट्टीही जाड भरू देऊ नको, २-३ मिलिमीटरच्या वर गेली की उन्हात तडकते. फेंडरला खड्डा राहिला तर राहू दे. बंपर फाटला असेल तर प्लास्टिक वेल्डिंग होते, आतून तारेची जाळी दाबून, दिसायला टाका दिसते पण मजबूत राहते.

आता पैशाचं. तुझ्याच आकड्यांनी मांडतो. आज विकली तर ४,००० हातात येतात, म्हणजे आज तुझ्या गाडीची किंमत ४,००० आहे. त्यात ३,००० घातले की तुझे ७,००० झाले, अन् ठोकून दुरुस्त केलेली, फेंडरला खड्डा असलेली टीडा, जिची सारखी चालू गाडी ९-१० ला मिळते, ती समजा ८,००० ची. म्हणजे ३,००० मध्ये काम होत असेल तर कर, शिवाय तुझ्या इंजिनाचा स्वभाव तुला माहीत आहे, बाजारातल्या दुसऱ्या गाडीचा नाही. ६,५०० घातले तर १०,५०० झाले, तेवढ्यात न ठोकलेली गाडी येते. म्हणून खोलून पाहिल्यावर आकडा ४,००० च्या वर चढायला लागला की थांब अन् विक. रूम पार्टनरचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त खोलण्याच्या आधीचं आहे. विकशील तेव्हा मुल्किया (गाडीच्या नोंदणीचं कार्ड) तुझ्या नावावरून निघाल्याचा कागद घेतल्याशिवाय चावी देऊ नको, नाही तर पुढचे दंड तुझ्या फायलीवर येतात.

अन् ३,००० मधले ३,००० आधीच वाटून टाकू नको. ५०० बाजूला ठेव, काम चालू असताना काहीतरी निघतेच, माझ्या हातच्या एकाही समोरून लागलेल्या गाडीत निघालं नाही असं झालं नाही. उरलेल्या २,५०० त आधी आर्म अन् अलाइनमेंट, मंग रेडिएटर-लॉक-लाइट, मंग एसी. पैसे कमी पडले तर बंपर महिनाभर टाके घातलेला चालू दे, पण वरच्या तिघांत काटछाट नको.

२,२०० वाल्याकडे जायचंच असेल तर जा, मी त्याला वाईट म्हणत नाही, मी स्वतः असाच छोट्या शेडमध्ये काम करत होतो अन् आमच्यात हाताचे सोने असणारे कारागीर होते. पण त्याला चार गोष्टी विचार. रेडिएटर नवीन की जुना, आर्म बदलणार की सरळ करणार, ड्रायर बदलणार का, अलाइनमेंटचा कागद देणार का. चारही उत्तरं नीट आली तर ती बिलावर लिहून घे. नीट नाही आली तर ६,५०० वाल्याकडे जाऊन म्हण, सामान मी आणतो, तू मजुरी सांग. त्याचा आकडा किती खाली येते ते पाहून तुला नवल वाटेल, त्याच्या ६,५०० त बहुतेक नवीन सामान अन् पूर्ण रंग धरलेला असेल. पैसे तीन भागांत दे, सुरू करताना, तोंड बसल्यावर, अन् गाडी चालवून पाहिल्यावर. शेवटचा भाग चालवून पाहिल्याशिवाय नाही. आधी मोकळ्या रस्त्यावर हळू, ४०-५० च्या वर नाही, स्टिअरिंग ढिलं धरून गाडी कुठं जाते ते पाहा, ब्रेक दाबताना ओढते का, वळताना खालून आवाज येते का. घरी आणून रात्रभर उभी कर अन् सकाळी खाली पुठ्ठा टाकून ठेवलेला पाहजो, पाण्याचा एक थेंबही नको.

शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी शटर खाली असतात, अन् जूनच्या दुपारी यार्डात फिरणं तब्येतीला बरं नाही, म्हणून शनिवारी सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली अन् लोखंडी टेप सोबत ने. खोलल्यावर कर्णाचे दोन आकडे, दोन्ही बाजूच्या चाकांची मापं अन् उजव्या लेगचा जवळून काढलेला फोटो मला पाठवजो, गाडी ठेवायची की विकायची ते त्यावरून सांगतो. तोवर कोणाला ॲडव्हान्स देऊ नको.